भोंग्याचा डाव

सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. कपडे वाळायला झकास, पण धूळही तोच आणायचा. वहिनीनं लॉजच्या ओल्या चादरी गच्चीवरून काढून आतल्या दोरीवर घातल्या आणि इस्त्री तापायला लावली. सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. लॉन्ड्री तिची. आज सुट्टीचा वार, पण लॉजच्या गाद्यांना कसली आलीय सुट्टी. हात शर्टाच्या कॉलरवर आणि कान मागच्या खोलीकडे, अशी ती उभी होती.

मागच्या खोलीत भोंगा पडून होता. भोंगा म्हणजे तिचा नवरा. भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. बोलणाऱ्याची बोरं खपतात म्हणतात. ह्या गड्यानं सुकलेली वांगीसुद्धा हसवून हसवून खपवली होती. गेल्या थंडीत मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, रेंगाळत का होईना वाचताही यायचं, पण तोंडाला शब्द सापडायचे नाहीत. ‘हो’, ‘नको’ आणि पुकारताना मधे मधे पेरायचा तो ‘बरं का’, एवढंच सामान उरलं.

त्याआधी सुट्टीच्या दुपारी लॉन्ड्रीतल्या घड्या घालायच्या टेबलावर त्याचा आणि दोस्तांचा खेळ रंगायचा. समोरच्या शिंप्यानं गोष्ट रचायची, भोंग्यानं आणि पोस्टमननं त्यातली माणसं व्हायचं. भोंगा नावाडी, पोस्टमन वैद्य. आपलं माणूस काय करतंय ते सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवणार. नियमांवरून मात्र भोंग्याचं आणि शिंप्याचं जन्माचं भांडण. शिंप्याकडे एक जाड पुस्तक होतं. नदी ओलांडायची तर पोहून किती आकडा हवा, दोरानं किती, पाठीवर ओझं असेल तर किती वजा, सगळ्याचे तक्ते.

“मगर मागं लागलीय आणि हा माझ्या गाठोड्याचं माप घेतोय,” भोंगा म्हणायचा. “शिंपी तो शिंपीच.”

त्याचा नियम एकच. फासा टाक, मोठा आकडा पडला की जमलं. बाकी सगळं तोंडानं.

दवाखान्यातून तो घरी आल्यावर शिंपी पुस्तक न घेताच आला. “आता तुझेच नियम, भोंग्या. सोपे. डोक्याला ताप नको.” बिचारा मनापासून बोलला. गोष्टीतला नावाडी नदीकाठी उभा होता. “सांग, काय करतोस?”

भोंग्यानं तोंड उघडलं. “बरं का,” म्हणाला. मग पुन्हा “बरं का”. शिंपी आणि पोस्टमन चेहरे प्रेमळ करून वाट बघत राहिले. ते वाट बघणंच वाईट. शेवटी पोस्टमननंच त्याच्या वतीनं सांगून टाकलं, नावाडी पोहत जातो. भोंग्यानं डाव्या हातानं फासा कोपऱ्यात भिरकावला. “नको.” पुढच्या सुट्टीला तो खोलीबाहेर आलाच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दोस्त दारातून हाक मारून जायचे, आणि ती हाकही हल्ली बारीक होत चालली होती.

आज शर्टांचा गठ्ठा संपवून वहिनी समोर शिंप्याकडे गेली.

“भाऊजी, ते जाड पुस्तक द्या.”

शिंप्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. “त्याला तर त्याचा तिटकारा.”

“तोंड होतं तेव्हा होता.”

“वहिनी, धडधाकट माणसाला झेपत नाही ते. सोपंच बरं.”

“सोपं कुणाला? तुमच्या सोप्यात सगळं बोलावं लागतं. पुस्तकात लिहिलेलं असतं. बोट ठेवलं की झालं.”

शिंपी टेप हाताभोवती गुंडाळत राहिला. “माझ्या ध्यानातच आलं नाही.”

“माणसाचं सोडून सगळ्याचं माप घेता तुम्ही.”

दुपारी पुस्तक बघून भोंग्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. वहिनीनं नदीचं पान उघडून त्याच्या पांघरुणावर ठेवलं आणि इस्त्रीकडे परतली. बऱ्याच वेळानं भिंतीला धरत तो टेबलापाशी आला. शिंपी आणि पोस्टमन तिथं येऊन बसले होते.

त्यानं बोट ठेवलं, दोरानं. खालच्या ओळीत, ओझं टाकून. फासा टाकला. शिंप्यानं बेरीज केली.

“जमलं. नावाडी दोरानं पलीकडे. ओझं टाकलं म्हणून दोन जादा.”

कुणी हसलं नाही. एरवी ह्याच नदीला भोंग्यानं अर्धी दुपार खाल्ली असती.

“नको,” भोंगा म्हणाला.

“बेरीज बरोबर आहे रे.”

“नको.” तो वहिनीकडे बघत होता.

ती कधी खेळली नव्हती. तिनं इस्त्री उभी ठेवली आणि त्याच्या लिलावासारखं पुकारलं. “या मगरताई, या. गाठोडं पाण्यात पडलंय, ताजा माल. ते तुम्ही घ्या, नावाडी तेवढा आम्हाला ठेवा. बोला, कुणी वाढवतंय का?”

आवाज बारीकच आला, मधेच चिरकला. पोस्टमन हसला. भोंगा तिच्याकडे बघतच राहिला. त्याचे ओठ तिच्या शब्दांमागून हलत होते.

“बरं का,” तो हळूच म्हणाला, आणि त्यानं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

सगळा जन्म ती त्याला ‘जरा गप बसा हो’ म्हणत आली होती. पाठ फिरवून तिनं डोळ्याला पदर लावला. पुढच्या नदीला पुन्हा तिलाच बोलावं लागणार होतं. लॉजच्या उशांचे अभ्रे अजून तसेच पडले होते. तिनं वरच्या अभ्र्यावर पाण्याचा हबका मारला आणि इस्त्री टेकवली.