पाळण्यात जागा धरली

लंडनमध्ये नदीकाठी एक अवाढव्य पाळणा आहे, आणि त्यात माझी पिशवी माझ्या आधी फिरून आली.

पाळणा म्हणजे आपल्या जत्रेतला नव्हे. याला काचेच्या खोल्या असतात. एकेका खोलीत वीस-पंचवीस माणसं आणि मधोमध एक बाक. शिवाय माणसं घ्यायला हा थांबतच नाही! हळूहळू सरकत राहतो, आपण चालता चालता आत शिरायचं. एक फेरी अर्ध्या तासाची.

आई आणि अण्णा राहुरीजवळच्या आमच्या वस्तीवरून पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं परतीचं विमान होतं. घरी आत्याच्या मुलीचं लग्न दोन दिवसांवर आलेलं, आणि अण्णा तिचे एकुलते एक मामा. मामाशिवाय नवरी बोहल्यावर येणार कशी? म्हणून दोघांचे पासपोर्ट मी स्वतःच्या पिशवीत सांभाळून ठेवले होते. (घरातली पहिली पदवीधर मी. जोखमीची कामं माझ्याकडेच असतात.)

रांगेत उभं राहिल्यापासून मी दोघांना शिस्त शिकवत होते. "अण्णा, मोठ्याने बोलायचं नाही. आई, पुढच्याला खेटायचं नाही. इथे कोणी मध्ये घुसत नाही. सगळं नंबराने चालतं."

"बरं बाई," अण्णा म्हणाले. आईने तर तोंडाला पदरच लावला. दोघं इतकी गुणी उभी होती की मला माझ्या शिकवण्याचा अभिमान वाटला!

शेवटी एक खोली आली. पुढची माणसं आत शिरली. आता आम्ही, एवढ्यात दारावरच्या गणवेशातल्या माणसाने आमच्यासमोर हात आडवा धरला. खोली भरली होती. पण ती अजून समोरून सरकत होती, दार उघडं होतं आणि आतला बाक रिकामा दिसत होता...

माझ्या हातून पिशवी सुटली. सुटली कसली, मी फेकली! त्या माणसाच्या खांद्यावरून, बरोबर बाकावर.

त्याचं काय आहे, श्रीरामपूरच्या कॉलेजला मी पाच वर्षं एसटीने गेले. गाडी स्टँडात वळली की ती थांबायच्या आत खिडकीतून दप्तर सीटवर टाकायचं. दप्तर पडलं की सीट आपली. मग दारातून मानाने चढायचं. भांडणं होतात, पण दप्तराचा हक्क सगळे मानतात. त्या पाच वर्षांनी मला पदवी दिली आणि हा हात दिला. पदवी घरी कपाटात होती. हात सोबत होता.

दार बंद झालं. खोली वर निघाली.

"अगं शीतल!" आईचा पदर खाली आला. "पासपोर्ट हायेत ना त्यात?"

"नेम बाकी लई चांगला हाय," अण्णा म्हणाले.

"अहो, नेम काय घेऊन बसलाय! उद्या इमान हाय. तिकडं पोरगी हळद लावून बसंल आन मामा हितं पाळण्याखाली!"

गणवेशातला माणूस माझ्याकडे वळला. फार सभ्य होता बिचारा. "ती पिशवी तुमची?"

"हो."

"चुकून पडली का?"

इथे नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण आम्हाला शाळेत खरं बोलायला शिकवलंय! "नाही," मी म्हणाले, "टाकली."

"का?"

"जागा धरायला."

त्याने वर पाहिलं. खोली आता दोन मजले उंच गेली होती. "पण तुम्ही तर खाली आहात."

"आमच्याकडे पिशवी आधी जाते," मी म्हणाले.

मालक खाली आणि पिशवी वर, असं झालं की त्या शहरात काय होतं, ते मला पुढच्याच मिनिटात कळलं. तो हातातल्या यंत्रात काहीतरी बोलला. आणखी दोन गणवेशवाले धावत आले. वरच्या खोलीत निरोप गेला की पिशवीला हात लावू नका, जवळही जाऊ नका. आणि पाळणा थांबला! जो कोणासाठी थांबत नाही, तो अख्खा पाळणा, माणसांसकट, माझ्या पिशवीसाठी हवेत उभा राहिला.

"पिशवीत काय आहे?"

"दोन पासपोर्ट. पाण्याची बाटली. धपाटे."

"तिसरं काय म्हणालात?"

मी इंग्रजीतून धपाटे समजावू लागले. मध्येच अण्णांनी विचारलं, "काय म्हंतो गं त्यो?"

"थांबा म्हणतोय."

"त्याला म्हण, आमाला घाई न्हाई. जागा धरल्याली हाय."

प्रवेशाच्या वेळी पिशवी तपासली होती, हे खात्रीने कळल्यावर पाळणा पुन्हा फिरू लागला. आम्हाला उतरायच्या बाजूला उभं केलं. आईने देवीला एक नारळ कबूल केला. खोली जसजशी चढत गेली, तसतसे नारळ वाढत गेले. शेंड्याला पोचली तेव्हा अकरा झाले होते!

अखेर खोली खाली आली. आतली सगळी माणसं एका बाजूच्या काचेला चिकटून उभी होती. मधल्या बाकावर एकटी माझी पिशवी.

"बघ," अण्णा आईला म्हणाले, "अर्धा तास कोन बसलं न्हाई! एवढा मान आपल्याकडं आमदाराच्या पिशवीला बी न्हाई."

गणवेशवाल्याने पिशवी आणली. आमच्या तिघांकडे नीट पाहिलं. इंग्रजी येणारी तिघांत मी एकटी. तरी पिशवी त्याने आईच्या हातात दिली. मग हसून आम्हाला पुढच्या खोलीत सोडलं.

वरून लंडन फार सुंदर दिसतं म्हणे. अण्णांनी काढलेल्या सगळ्या फोटोंत मी बाकावर बसले आहे आणि आईने माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले आहेत. लग्नात ते फोटो सगळ्यांनी पाहिले. मग बायका मला फोनवर विचारत होत्या, "उंचीला घाबरलीस का गं?"

मी हो म्हणाले. खरं बोलायची सवय तेवढी आता सुटली आहे.