मोठ्या बाबांचा अंगठा

"पोरगी चांगली आहे, पण तिच्या हाताले गुण नाही. आठवा पाव बसला काल."

मोठे बाबा कुंपणापलीकडच्या काकूंना सांगत होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी तोच आठवा पाव हातात धरून उभी होते.

झाकण असलेली एकही वस्तू अकोल्यात मोठ्या बाबांपासून वाचलेली नाही. ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. नोकरीसाठी मी अमरावतीहून इथे आले, तेव्हापासून त्यांच्याकडेच राहते. भातकुलीच्या एका लग्नात त्यांनी आचाऱ्याच्या वरणावरचं झाकण उचललं, "यात जान नाही" म्हणाले आणि शेवटच्या पंगतीपर्यंत तिथेच पळी घेऊन उभे राहिले. नवरदेवाची आई त्यांना आचारीच समजून आणखी मठ्ठा मागत होती. दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना त्यांनी थंड पाण्याची टाकी उघडून आत डोकावून पाहिलं आणि सगळ्या पेशंटांना घरून पाणी आणायला सांगितलं. "झाकलेलं दिसलं का मले चैन नाही पडत," असं ते स्वतःच सांगतात. मोठी आई आता रिकाम्या पातेल्यांवरही झाकणं ठेवते. तेवढाच त्यांचा वेळ जातो.

पहिल्या पगारातून मी पावाचं मशीन घेतलं. मैदा, पाणी, यीस्ट, मीठ मोजून टाकायचं, बटण दाबायचं आणि तीन तास झाकण उघडायचं नाही. कोणाशी बोलावं लागत नाही, हे मला फार आवडलं होतं. पण प्रत्येक पाव मधोमध खड्डा घेऊनच बाहेर यायचा. मी यीस्ट कमी केलं. अकोल्याच्या उन्हाला दोष देऊन गार पाणी वापरलं. ओटा तिरका असेल म्हणून मशीनखाली पुठ्ठा सरकवला. सगळं वहीत लिहीत गेले. तोवर मोठ्या बाबांनी माझ्या हाताची कीर्ती गल्लीभर नेली. इस्त्रीवाल्यानेसुद्धा मला कणीक मळायची रीत समजावली, आणि मी मान डोलावली. माझ्या हातातच काहीतरी कमी आहे, हे मलाही पटायला लागलं होतं. नववा बसला तर मशीन विकून टाकायचं, असं मी ठरवलं.

रविवारी सकाळी नववा लावला आणि दीड तासाने मी अंघोळीला गेले. टॉवेल विसरला म्हणून परत आले, तर मशीनचं झाकण उघडं, आणि माझ्या फुगलेल्या पिठात मोठ्या बाबांचा अंगठा पेरापर्यंत रुतलेला.

आमच्याकडे देवाच्या जेवणावळीत रोडगे करतात, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे. ते झाले की नाही हे चाळीस वर्षं मोठे बाबाच ठरवत आले. विस्तवातला रोडगा अंगठ्याने दाबायचा. त्याने अंगठ्याला उलट जोर दिला की झाला. त्या अंगठ्याला चटका कळतच नाही. पण त्यांना दमा लागला, डॉक्टरांनी धूर बंद केला, आणि गेली दोन वर्षं रोडग्यांना त्यांना कोणी बोलावलेलं नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरीही माझे कान तापले. आठही वेळा हाच अंगठा, आणि वर गुण नाही तो माझ्या हाताला!

"पाह्य बरं," ते खुशीत म्हणाले, "आज कसं वर येऊन राह्यलं."

त्यांचं वाक्य संपेपर्यंत पीठ अंगठ्याभोवती हळूहळू खाली बसलं.

"मोठे बाबा, अंगठा काढा."

या घरात माझा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. मोठ्या आईने नळ बंद केला. त्यांनी अंगठा काढला, बनियनला पुसला आणि तो दुसऱ्याच कोणाचा असावा तसे त्याच्याकडे बघत राहिले. बोलण्यासारखं माझ्याकडे खूप होतं. आठ पाव, वही, काकू, इस्त्रीवाला. पण त्यांनी खरोखरच विचारलं, "मंग मी काय करू?"

मी पीठ काढून टाकलं. नवं मोजून घातलं, झाकण लावलं, बटण दाबलं. मग बाहेरच्या खोलीतली खुर्ची ओढत आणून मशीनसमोर ठेवली.

"इथे बसा," मी म्हणाले. "तीन तास कोणालाही झाकण उघडू देऊ नका, मलाही नाही. भाजून झाला की पहिला अंगठा तुमचाच."