सुभद्रेची गाडी कुठून गळते

सुभद्रेच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचं तर आधी चपला काढून हातात घ्यायच्या, मग साडी पोटरीपर्यंत वर धरायची आणि मग पाय आत टाकायचा. तिची जाऊ नर्मदा आषाढ लागल्यापासून हेच करत होती. पाय टेकला की खालच्या सतरंजीतून पचक् असा आवाज यायचा.

"माका होडयेत बसल्यासारख्या वाटता गो," नर्मदा म्हणायची. "तू सुकाण धर, मी पाणी उपसतंय."

"मगे मागे बस. मागे सुका आसा."

"मागसून माका रस्तो दिसना नाय. नि आडवी म्हस इली तर तुका सांगतला कोण?"

तेव्हा नर्मदा रोज भिजायची, पण पुढची जागा काही सोडायची नाही.

गाडी तशी सुभद्रेच्या नवऱ्याची. गुरुदास तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. जन्मभर दुसऱ्याच्या गाडीत उभा राहिलो, आता स्वतःच्या गाडीत बसणार, असं म्हणत निवृत्तीनंतर त्यांनी ही छोटी पांढरी गाडी घेतली. आणि खरंच नुसते बसलेच. चालवायचा धीर झाला नाही. अंगणात उभ्या गाडीत बसून पेपर वाचायचे, चहा तिथेच मागवायचे. दीड वर्षाने ते गेले. मुलगा सुशांत मुंबईहून आला, बारावं-तेरावं झालं आणि म्हणाला, "आई, ही गाडी काढून टाकू." सुभद्रा पुढच्या सोमवारी उठून कणकवलीला गेली नि गाडी शिकायच्या क्लासात उभी राहिली. वय एकोणसाठ. मास्तर म्हणाला, "आजी, कोणाला सोडायला आलात?"

त्याला आता चार वर्षं झाली. तळेऱ्याहून देवगडकडे वळून अर्धा तास गेलं की तिची वाडी. वाडीतल्या बायकांचं रक्त तपासायचं असो, बँकेत अंगठा द्यायचा असो, नाहीतर देवगडला जाऊन ताजी मासळी आणायची असो, सुभद्रा किल्ली घेऊन तयार. पूर्वी जिला शेजारच्या गावात जायलाही कुणाचं तरी तोंड बघावं लागायचं, तिची आता बाकीच्या बायका वाट बघत बसायच्या.

आणि नेमकं तेव्हाच हे पाणी.

त्यात नर्मदेने घोळ घातला. सुशांतने फोनवर "काकी, पाय कसे आहेत?" असं सहज विचारलं, तर हिने सांगून टाकलं, "पाय बरे आसत रे झिला, पण तुझ्या आवशीच्या गाडयेत भिजान भिजान फुगले."

संध्याकाळी सुशांतचा फोन. "आई, पाण्याने खालचा पत्रा कुजतो. एक दिवस तुझा पाय खाली जाईल. चतुर्थीला येतोय. कणकवलीत एक गिऱ्हाईक आहे, देऊन टाकू. तुला रिक्षा लावून देतो ना महिन्याची."

"माका रिक्षा नको."

"मग पाणी थांबव. स्टेशनवर घ्यायला येशील तेव्हा पुढे मी बसणार. पाय भिजला, तर गाडी गेली म्हणून समज."

चतुर्थीला बारा दिवस होते.

तळेऱ्याचा लॉरेन्स मिस्त्री तसा हाताचा चांगला. त्याने आधी दाराचं रबर बदललं. पाणी आलं. मग पुढच्या काचेला चहूकडून काळा चिकट गम लावला. तरी पाणी आलं, आणि तो गम सुभद्रेच्या लिंबू रंगाच्या साडीला लागला तो कायमचा. तिसऱ्यांदा तो डोकं खाजवत म्हणाला, "काकी, ह्या एसीचा पाणी असतला."

"लॉरेन्सा, मी एसी कधी लावलंय काय रे? खिडकी उघडी नसली तर माका गुदमारता."

"मगे माझी अक्कल संपली."

"होती कधी?" सुभद्रा म्हणाली आणि गाडी घेऊन निघाली. आणखीही बरंच बोलली, ते इथे नको.

नर्मदेचं म्हणणं, वाटेवरच्या राखणदार देवाला गाडीचा नारळ द्यायचा राहिलाय. तोही दिला. त्या रात्री पाऊस पडला नि सकाळी गाडीत नेहमीपेक्षा दोन तांबे जास्त निघाले.

त्या दिवशी सुभद्रा पायरीवर बसून नुसती गाडीकडे बघत राहिली. मग तिला बाबा आठवले. तिचे बाबा लोकांची घरं शाकारायचे, आणि कुठे गळत असेल तर बोलावणं त्यांनाच. ते सांगायचे, पाणी ठिपकतं तिथे कधी शिरत नाही. शिरतं कुठेतरी वर, वाशावरून गुपचूप चालत येतं, आणि थकलं की पडतं. म्हणून ते लहानग्या सुभद्रेला माळ्यावर बसवायचे, स्वतः कौलांवर चढायचे आणि खालच्या ओळीपासून एकेका कौलावर तांब्याने पाणी सोडायचे. आत दिसलं की हिने ओरडायचं. एका वेळी एकच कौल. घाई केली तर सगळंच भिजतं नि काहीच कळत नाही.

"गाडी म्हणजे काय, चाकांवरचा घरच," ती उठत म्हणाली.

उलथन्याने तिने पुढची सतरंजी उचकटली आणि चुलीवरच्या दांडीवर वाळत घातली. दोन दिवस घरभर ओल्या कुत्र्यासारखा वास. आतला पत्रा पुसून पुसून कोरडा केला. मग रांगोळीचा डबा काढला आणि खाली, बाजूला, स्टिअरिंगपुढच्या फळीच्या पोटात हात घालून वर जिथे पोचेल तिथे पांढरी भुकटी मारली. पाणी कुठूनही आलं तरी त्याची वाट उठायला हवी.

नर्मदेला बॅटरी देऊन आत बसवलं. म्हणजे जवळजवळ झोपवलंच.

"डोळो मिटू नको. दिसला की सांग."

"माका हयसून कोण उठवतला?"

"पाणी गावला की उठवतंय."

सुभद्रेने झारी घेतली. आधी दाराच्या खालच्या कडेला पाणी सोडलं. पन्नास अंक मोजले.

"इला काय?"

"नाय."

मग दाराच्या फटीवर.

"इला! इला गो!"

सुभद्रा धावत आली. नर्मदेच्या कपाळावरचा घाम रांगोळीत पडला होता.

मग आरशाखाली. नाही. मग काचेच्या कडेने. नाही. लॉरेन्सचा गम पक्का होता, तेवढं त्याच्या पदरात टाकायला हवं. शेवटी राहिली वायपरच्या खालची काळी जाळी. सुभद्रेने झारी तिथे धरली नि मोजू लागली. चाळिसावर आतून आवाज आला, पण या वेळी हळू, देवळात बोलतात तसा.

"सुभद्रे... वरसून येता. फळयेच्या पाठसून. काळी रेघ उठली बग."

सुभद्रेने वाकून बघितलं. पांढऱ्या रांगोळीतून एक ओली रेघ सरळ खाली उतरत होती.

तिने लॉरेन्सला फोन केला. तो स्कूटरवरून आला, तोंड अजून फुगलेलंच. दोन्ही वायपर काढले, जाळीचे खिळे सोडवले, जाळी उचलली आणि तसाच थांबला.

"काकी," तो म्हणाला, "हय शेती कोणाची?"

आत काळी भुसभुशीत माती झाली होती, चांगली चार बोटं. त्यात सुकलेली जास्वंदं, अबोलीचे दोरे, आंब्याची पानं, आणि एका कडेला वीतभर उंचीची भाताची रोपं. मोजली तर अकरा.

नर्मदेने त्यातलं एक सुकलं जास्वंद उचललं. मग म्हणाली, "रोज सकाळी फूल कोण ठेवता गो गाडयेर?"

कोण ठेवणार? सुभद्राच. पूजा झाली की एक फूल गुरुदासांच्या फोटोला आणि एक त्यांच्या गाडीला, काचेच्या पायथ्याशी, जिथून ते पेपरावरून डोकं वर काढून बघायचे. चार वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. फूल सुकायचं, जाळीत घसरायचं. दुपारी दिसलं नाही की वाटायचं, वाऱ्याने नेलं. आणि गेल्या दसऱ्याला घराच्या दाराला नव्या भाताचं नवं बांधलं, तेव्हा त्यातली एक लोंबी आंब्याच्या पानात गुंडाळून वायपरलाही खोचली होती.

लॉरेन्सने माती उकरली, तर खाली रुपयाएवढं भोक. "ह्या भोकातसून पाणी भायर जावचा. ता बुजला. मगे पाणी हवेच्या पंख्याच्या वाटेन भितर गेला." त्याने तार घालून भोक मोकळं केलं. सुभद्रेने झारी ओतली. पुढच्या चाकापाशी पाणी धबाधबा खाली पडलं, आत टिपूस नाही.

"तरवो बरो इलो, काकी," लॉरेन्स भाताच्या रोपांकडे बघत गंभीरपणे म्हणाला. "लावणी कधी?"

"वायच उशीर झालो," सुभद्रा म्हणाली. तिने त्याला दिलेल्या सगळ्या शिव्या परत घेतल्या. एक तेवढी ठेवली, लिंबू साडीची.

रोपं तिने खरंच परसातल्या चिखलात लावली. फूल मात्र दुसऱ्या दिवसापासून गाडीच्या आत, स्टिअरिंगपुढे, एका बशीत. बशी पहिल्याच वळणावर नर्मदेच्या मांडीवर आली. तेव्हापासून फूल नर्मदाच धरते.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कणकवली स्टेशनवर पाऊस असा की पलीकडचा माणूस दिसेना. नर्मदा सुशांतला घ्यायला म्हणून आलेली, तिला मागे बसावं लागलं. सुशांत पुढे बसला. आधी बूट टेकले. मग वाकून सतरंजीखाली हात घातला. तळेरे येईपर्यंत तीनदा घातला. तिसऱ्यांदा हात बाहेर आला तो पांढरा, नि त्याची काळी पँटही पांढरी.

"आई, ही कसली पावडर?"

"रांगोळी."

"गाडीत?"

"सण आसा मा, झिला."

त्याने रुमालाने हात पुसला. मग म्हणाला, "त्या गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवू?"

"तां तू बग. पाय तुझे आसत."

त्याने फोन काढला. तळेऱ्याच्या तिठ्यावर सुभद्रेने गाडी कडेला घेतली, कारण नर्मदा मागून तिच्या खांद्याला बोट टोचत होती.

"घर येवंक अजून अर्धो तास आसा," नर्मदा म्हणाली. "उतर रे सुशांता, मागे बस. दोन महिने माझे पाय भिजले, आता सुक्यात मीच बसतलंय."

"काकी, बाहेर पाऊस आहे!"

"म्हणानच सांगतंय, बेगीन उतर," सुभद्रा म्हणाली. "दार उघडा ठेवलंस तर गाडयेत पाणी येतला."