माझ्या दातांवरची कंपनी

आमच्या कंपनीची किंमत करायला नागपूरहून साहेब येणार होते, त्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून गेले. मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हटल्यावर घर झाडून-पुसून ठेवतात, तशी आम्ही डाळमिल लखलखीत करून ठेवली होती. पट्ट्याला तेल, मोटारीला फडकं, दारात सडा. कोणीतरी तर तुळशीची कुंडीही आणून ठेवली.

कंपनी म्हणजे आम्हा बायांची शेतकरी उत्पादक कंपनी. अनसिंगच्या रस्त्याला आमचं टिनाचं शेड आहे, त्यात डाळमिल. आसपासच्या गावांतल्या बाया, कोणाकडे दहा एकर तर कोणाकडे जेमतेम एक, आपली तूर आणून घालतात. आम्ही तिची डाळ करतो आणि आमचं नाव छापलेल्या पिशवीत भरून विकतो. मी अध्यक्ष. पहिल्या दिवसापासून मीच. ‘बढाई मारत नाही, पण’ असं म्हणून सांगायची पद्धत आहे. मी मात्र बढाई म्हणूनच सांगते, कारण ज्या गावात बाईच्या नावावर सातबारा नसतो तिथे आम्ही बायांच्या नावावर गिरणी उभी केली.

तर झालं असं की आमची डाळ विकली जात होती, पण मिल जुनी पडत चालली होती. डाळीतला काळा दाणा, खडा वेगळा काढणारं नवं यंत्र हवं होतं, गोदाम हवं होतं. बँकेचं कर्ज घ्यावं तर हप्ते दर महिन्याला आणि तूर वर्षातून एकदा, हे गणित आम्हाला पचेना. तेवढ्यात अकोल्याची डाळीचा व्यापार करणारी एक मोठी कंपनी म्हणाली, पैसा आम्ही घालतो, मिल आणि नाव तुमचं, दोघांची मिळून एक नवी कंपनी काढू. तिच्यात आमचा वाटा किती, हे आमच्या मिलची किंमत किती धरली जाते त्यावर ठरणार होतं. निम्म्याच्या वर गेलो तर मालकीण आम्ही. निम्म्याच्या खाली राहिलो तर आमच्याच शेडमध्ये आम्ही पाहुण्या. दोघांच्या संमतीने किंमत काढायला हे साहेब नेमले होते.

मला तोवर किंमत काढणं माहीत होतं ते बैलाचं. दात पाहायचे, खूर पाहायचे, चालवून पाहायचा. साहेबांनीही तसंच चालवून पाहिलं म्हणायला हरकत नाही. त्यांनी यंत्राचं वय विचारलं. डाळ किती दुकानांत जाते ते विचारलं, आणि त्यातली निम्मी एकाच दुकानदाराकडे जात नाही ना, हे दोनदा विचारलं. नफा पाहिला आणि भुवई उचलली, कारण नफा नावालाच होता. मी सांगितलं, साहेब, नफा आम्ही ठेवत नाही, तो तुरीच्या भावातच बायांना देऊन टाकतो, बाजारापेक्षा चढा भाव. ते म्हणाले, ‘ताई, मग तो नफाच आहे. मी तो धरणार.’ मला माणूस आवडला.

आणि मग दारात गाडी लागली. हंगाम नुकताच सुरू झाला होता, तुरीच्या पहिल्या गाड्या यायला लागल्या होत्या. मी नेहमीसारखी उठले, पोत्यात हात खोल घातला, दाणा काढून दाढेखाली धरला आणि फोडला. कट्ट वाजला. ‘घ्या,’ मी म्हणाले. दुसऱ्या पोत्यातला दाणा चपटा झाला, वाजला नाही. ‘हे वाळवून आणा.’ आमच्याकडे तुरीचा ओलावा असाच पाहतात. वाळलेला दाणा कडक फुटतो, ओला दबतो. ओली तूर घेतली की डाळीची चुरी होते आणि गोदामात कीड. मिलच्या पहिल्या दिवसापासून एकही पोतं माझ्या दाढेखालून गेल्याशिवाय आत गेलं नव्हतं, आणि आमच्या डाळीबद्दल कधी तक्रार आली नव्हती. मला वाटलं, साहेब आता मान डोलावतील.

साहेबांनी विचारलं, ‘ओलावा मोजायचं यंत्र नाही का?’

आहे की. कपाटात होतं, कव्हरात, नव्यासारखं.

‘तुम्ही आजारी असलात तर कोण पाहतं?’

‘मी आजारी पडत नाही.’

‘आणि तुमचे दात पडले तर?’

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी नाही हसले. साहेबांनी शांतपणे सांगितलं की कंपनी जेव्हा एकाच माणसावर उभी असते, तेव्हा विकत घेणारा त्या माणसाच्या तब्येतीचाही विचार करतो आणि तेवढी किंमत कमी करतो. आमची वजावट एवढी होती की वाटा निम्म्याच्या खाली जात होता. बाकी सगळं ठीक होतं. यंत्र, दुकानं, नाव, सगळं. धोका एकच होता आणि तो मी होते.

घरी येऊन मी मालकांपुढे, म्हणजे नवऱ्यापुढे, आदळआपट केली. जिनं मिल उभी केली, तीच मिलची खोट! मालक जेवता जेवता म्हणाले, ‘बैलाचे दात पाह्यतेत, तसे तुये पाह्यले. त्यात एवढं काय?’ मी त्यांना भाजी वाढली नाही.

पण राग उतरल्यावर मला साहेबांचं पटलं, हेही सांगते. मी मेले तर मिलचं काय, हा विचार मी कधी केलाच नव्हता; मिल माझीच असल्यासारखी वागत होते. साहेबांना फोन केला. म्हणाले, हंगाम संपल्यावर मी पुन्हा पाहायला येणार आहे, तुम्ही नसताना मिल नीट चालली तर वजावट काढतो. मग मी ठरवलं. लेक पुण्याला नोकरीला असते, तिचं बाळ तान्हं होतं. म्हटलं, यंदाचा हंगाम नातवाजवळ.

माझ्या जागी दोघी बसवल्या. एक माझी धाकटी जाऊ, आमच्याच घरात राहणारी. दुसरी गावातल्या बौद्ध घरातली, मिल सुरू झाली तेव्हापासून माझ्याबरोबर असलेली; तिचं दीड एकर आहे आणि जीभ दहा एकरांची. नियम असा घातला: दोघींनी वेगवेगळा दाणा फोडायचा, मग यंत्र लावायचं, तिन्हींचं जुळलं तरच पोतं आत. जाऊ म्हणाली, ‘बाई, मले नाई जमनार. लोकं कायले ऐकतीन मायं?’ दुसरी म्हणाली, ‘लोकं नाई ऐकत, दात ऐकते. चाल.’

पुण्यात माझा वेळ जाईना. बाळ गोड होतं, पण बाळ झोपलं की मला मिल दिसायची. मी फोन करायची तर उत्तर यायचं, ‘हो बाई, गाडी लागली, मंग बोलते,’ आणि फोन बंद. त्यांच्याकडून एकदाही फोन आला नाही. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. खरं म्हणजे मला फार वाईट वाटत होतं.

त्यातच दाढ ठणकायला लागली. उजवीकडची, दाण्याचीच दाढ. लेकीने दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी पाहिलं आणि काढूनच टाकली. म्हणाले, आजी, किती वर्षं काय फोडता हिच्याखाली? मी त्यांना कंपनीचं मूल्यांकन समजावून सांगणार होते, पण तोंडात कापूस होता. साहेबांची आठवण आली. त्यांनी हिशोबात धरलेल्या धोक्याने पुण्याला येऊन मला गाठलं होतं.

त्याच आठवड्यात मालकांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत, त्यामुळे मी घाबरले.

‘तुया कंपनीनं आपली तूर वापस केली.’

‘कोणाची?’

‘आपली. घरची. गाडी वापस आनली म्या सगळ्या गावासमोर. अन् कोन केली मालूम हाय? घरच्याच सुनेनं.’

मी फोन कानाला धरून पलंगावर बसले. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, बोलत नाही. पदर ओढून बाजूला होते. लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्या जावेने मालकांना काही सांगायचं असलं तर ते माझ्याकडून, नाहीतर पोरांकडून. एका घरात राहून एक शब्द नाही. ती यांच्याशी बोलली?

‘काय म्हणाली ती?’ मी विचारलं.

‘ते तू येशीन तवा इचार,’ म्हणाले, आणि फोन ठेवला.

खरी हकीकत मला परत आल्यावर त्या दुसरीने, दीड एकरवालीने, सांगितली, आणि ती सांगताना तिला जो आनंद झाला तो मी विसरणार नाही. अवकाळीच्या पावसात आमच्या खळ्यावरची तूर भिजली होती आणि मालकांनी ती नीट न वाळवताच ट्रॅक्टरमध्ये घातली होती. अध्यक्षांच्या घरची तूर, कोण अडवतं! दोघींनी दाणा फोडला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. यंत्र लावलं, तेही तेच म्हणालं. जावेने पदर ओढला, तोंड फिरवलं आणि तिला म्हणाली, ‘सांग त्याईले, तूर ओली हाय मनून.’

‘मी काहून सांगू? समोरच तर उभे हायेत.’

मागे गाड्यांची रांग लागलेली, सगळे बघत होते.  जावेने मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि मालकांकडे न पाहता, पोत्याकडे पाहून म्हणाली, ‘तूर ओली हाय. दोन दिस ऊन दाखवा, अन् मंग आना.’

मालक म्हणाले, ‘घरचीच तर हाय.’

‘घरची हाय मनूनच वापस करून राह्यलो,’ जाऊ म्हणाली.

मालकांनी ट्रॅक्टर वळवला.  तूर वाळवली आणि पुन्हा आणली, त्या वेळी घेतली. मला ही गोष्ट ऐकून रडू आलं. मिल उभी राहिली तेव्हाही मी रडले नव्हते.

हंगाम संपला तसे साहेब आले. या खेपेला मी साधीच साडी नेसले आणि मागच्या बाजूला बसले. साहेबांनी आलेला माल पाहिला, परत केलेला माल कोणाचा ते विचारलं. त्या दुसरीने माझ्या मालकांची हकीकत जशी घडली तशी, थोडी तिखटमीठ लावून, साहेबांना ऐकवली. साहेब हसले. मग जावेकडे वळून त्यांनी विचारलं, भीती नाही वाटली का? ती म्हणाली, ‘वाटली ना. पन तूर ओलीच होती.’

वजावट निघाली. अकोल्याच्या कंपनीच्या माणसाने थोडी घासाघीस केली, म्हणाला एका हंगामावरून काय ठरतं. साहेबांनी त्याला विचारलं की स्वतःच्या अध्यक्षाचा माल परत करणारी किती खरेदी केंद्रं त्याने पाहिली आहेत.  वाटा निम्म्याच्या वर गेला आणि सह्या झाल्या. त्या नव्या कंपनीच्या मालकिणी आम्ही आहोत.  मी पुढे बसले नव्हते म्हणून सहीसाठी मला बोलावून घ्यावं लागलं, एवढं मात्र मला बरं वाटलं.

यंदा नवं यंत्र लागलं आहे. काळा दाणा असा उडवून टाकतं की पाहत राहावं. आसेगावच्या बाजूची गावंही आता तूर घालतात. मी अध्यक्ष आहेच, पण दाणा जाऊच फोडते, आणि तिच्याकडे शिकायला आणखी दोघी बसतात. मालक घरात तिला आता ‘चहा झाला काय’ असं थेट विचारतात आणि तीही थेट उत्तर देते. घरात कोणी त्याची वाच्यता करत नाही.

परवा माझ्या वाट्याच्या वावरातली तूर घेऊन मीच गेले. सगळ्यांसारखी रांगेत उभी राहिले. घरी दाणा फोडून पाहिला होता, डाव्या दाढेने, आणि मला वाटलं होतं, चालेल. जावेने पोत्यात हात घातला, दाणा फोडला, यंत्र लावलं, आणि माझ्याकडे सरळ पाहून म्हणाली, ‘बाई, ओलसर हाय. परवा आना.’

मी पोतं परत गाडीत टाकायला लावलं. मागच्या गाडीवाल्याला नवल वाटलं. त्याने विचारलं, ‘अध्यक्षबाईची बी वापस केली काय?’

‘केली ना,’ मी म्हणाले. ‘मले बी वापस करते अशी कंपनी हाय आमची.’