अनसाआक्कानं दाखवलेला पोरगा

आंधळगाव मागं पडलं तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. शेवंताबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो त्यांनी पिनेनं कसाबसा अडकवला होता. अनसाआक्का अनवाणीच, तरी दहा पावलं पुढं. साठी उलटलेली बाई, पण उमेदीची वर्षं मेंढरांमागं कोकणापर्यंत चालण्यात गेलेली. आता दोन एकर कांदा आणि वीसेक मेंढरं एवढाच संसार उरला होता. पाय मात्र अजून जुन्या हिशोबानंच पडायचे.

मागून एसटीचा हॉर्न वाजला. शेवंताबाईंनी हात वर केला, तो आक्कानं खाली ओढला.

"आक्का, अहो अजून पारगावचा पूल किती लांब आहे! बसू की."

"तुम्ही बसा जावा. मी येते चालत."

"तुम्हाला एकटीला सोडून?"

"मग चला गुमान. यष्टीत बसलं की कुणीतरी वळखतंय. म्हणतंय, ह्याच त्या. परवा एकीनं तर उठून जागा दिली मला. त्यापरीस पाय भाजल्याले बरे."

गाडी धुरळा उडवत निघून गेली. शेवंताबाईंनी डोळे पुसले आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. त्या न्हावऱ्याजवळच्या वस्तीवर अंगणवाडी चालवायच्या. पोरांना खाऊ वाटण्यात आणि पाटी गिरवून घेण्यात दिवस जायचा. पण बायांमध्ये त्यांना मान होता तो दुसऱ्याच कामाचा. सकाळी डेअरीवर दूध घालायला रांग लागली की चेअरमनच्या टेबलावरचा पेपर त्या मोठ्यानं वाचून दाखवायच्या. रांगेतल्या निम्म्याहून जास्त बायांना अक्षर येत नव्हतं. शेवंताबाई वाचतील तेवढंच जग त्यांच्यापर्यंत पोचायचं.

आणि त्या पंधरवड्यात जगात एकच बातमी होती. दौंडच्या बाजूला वडापची जीप चालवून माणसांची ने-आण करणाऱ्या एकाचा खून झाला होता. माणूस मनमिळाऊ, रस्त्यावरच्या प्रत्येकाला कधी ना कधी त्यानं उतरवलेलं, कुणाची म्हातारी दवाखान्यात नेलेली. मारणारी दोन पोरं, वीस-एकवीस वर्षांची, उसात पळाली असं म्हणत होते. मग काय विचारता! पोलिसांच्या गाड्या फिरू लागल्या. जीपवाल्यांनी गाड्या बंद ठेवल्या. गावागावांत तरण्या पोरांनी काठ्या काढल्या. बाया पाण्याला जायच्या तर चौघी-चौघी मिळून. पारावर बसून जो तो त्या दोघांना शिक्षा सुनवायचा, आणि प्रत्येकाची शिक्षा आदल्यापेक्षा कडक.

सहाव्या दिवशी आक्का बांधावर मेंढरं घेऊन उभी होती. उसाच्या कडेनं दोन पोरं झपाझप चाललेली तिला दिसली. त्यातलं एक डाव्या पायानं लंगडत होतं, आणि मारणाऱ्यांतला एक लंगडा असल्याचं पेपरात आलंय असं साऱ्या बाया म्हणत होत्या. कळपातलं मेंढरू कुठलं आहे हे आक्का पाठमोऱ्या चालीवरून सांगायची. त्या बाबतीत तिचा शब्द कधी खोटा पडला नव्हता. ती तशीच डेअरीवर गेली आणि म्हणाली, "लंगडा चाललाय बगा, उसाच्या कडंनं."

पुढं काय झालं ते साऱ्या तालुक्याला ठाऊक झालं. तीस-चाळीस जण धावले. एक पोरगं उसात घुसलं म्हणून वाचलं. लंगडणाऱ्याला पळता आलं नाही. पोलीस येईपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. संध्याकाळी डेअरीवर आक्काला खण-नारळ दिला. पोपटराव चेअरमन म्हणाले, "अनसाबाईनं गावाची अब्रू राखली." टाळ्या पडल्या. पहिली टाळी वाजवणाऱ्यांत शेवंताबाईही होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की पोरं भलतीच होती. रांजणगावच्या कंपनीत ठेकेदाराकडं काम करणारी. जीप बंद, एसटी चुकलेली, म्हणून वरवंडला दाजीकडं चालत निघालेली. लंगडणारा जिवानिशी वाचला होता, वरवंडच्या दवाखान्यात होता, आणि त्यालाच भेटायला आज दोघी निघाल्या होत्या.

पुलाच्या अलीकडं चहाची टपरी लागली. शेवंताबाईंच्या घशाला कोरड पडली होती. आक्का नको म्हणत असतानाच त्या बाकड्यावर टेकल्या. आक्कानं पदर कपाळावरून नाकापर्यंत ओढला आणि कडेला बसली.

टपरीवर तीच बातमी चालली होती. खरे दोघं श्रीगोंद्याकडं एका कांदा साठवायच्या चाळीत झोपलेले सापडले होते. एक टोपीवाला आप्पा बशीत चहा ओतत म्हणाला, "धरलं तवा म्हणं एकजण पाणीच मागत हुता. आईला बोलवा म्हणत हुता."

"आई आठवली व्हय आता!" चहावाला खेकसला. "त्या जीपवाल्याला न्हवती का आई? मी तर म्हणतो, चौकात आणायचं आन् पब्लिकच्या ताब्यात द्यायचं."

"तुझ्या ताब्यात दिल्यावर तू काय करणार? चा पाजणार, दुसरं काय येतंय तुला?" आप्पा म्हणाला.

हसू झालं. चहावाल्यानं फडकं आपटलं. "हसा. पर न्हावऱ्याकडच्या त्या धनगरणीला मानलं पायजे. नुसत्या चालीवरनं माणूस दावला!"

"आरं, ते पोरगं भलतंच निघालं की."

"निघू दे. हिंमत तर बगा बाईची!"

आक्कानं कप खाली ठेवला. कपात अर्धा चहा तसाच होता. बाकड्यावर पेपर पडला होता, त्यात फोटो होता. दोन पोलीस, मध्ये दोन पोरं, तोंडावर काळे बुरखे. एकाच्या पायात रबरी चप्पल, एक अनवाणी. दोघांच्या पोटऱ्या वेताच्या काठीसारख्या. पेपर शेवंताबाईंच्या मांडीवर ठेवून आक्का हळूच म्हणाली, "वाचा बरं. ह्यातला लंगडा कोणचा?"

शेवंताबाईंनी वाचलं. एकदा, मग परत. मग पेपराची घडी घातली.

"बाई, कोणचा?"

"चला आक्का, पुलावर सांगते."

पुलाखाली भीमेचं पाणी उतरलं होतं, कडेच्या दगडांवर धुणं वाळत होतं. मधोमध कठड्याला टेकून शेवंताबाई थांबल्या. घरून निघताना त्यांनी ठरवलं होतं की आज सांगायचं. आंधळगावला सांगू म्हणता म्हणता आंधळगाव गेलं होतं. आक्का तर वाटेत तीनदा म्हणाली होती, पेपरातच होतं म्हणून मी बोलले.

"दोघांतला कुणीच लंगडा नाही, आक्का. आणि पेपरातही नव्हतं."

"काय न्हवतं?"

"लंगडा म्हणून. कधीच नव्हतं. त्या दिवशी मी वाचलं की एकाच्या हाताला जखम आहे. एवढंच छापलेलं होतं. मी पेपर खाली ठेवायच्या आत पोपटभाऊजी म्हणाले की आतली खबर आहे, एकजण लंगडतो. बाया म्हणाल्या, व्हय व्हय, पेपरात आलंय. मला कळत होतं, नाही आलं."

"मग बोलला न्हाई?"

"चुलत दीर माझे. चेअरमन. चार माणसांत त्यांना खोटं कसं पाडायचं? म्हटलं, जाऊ दे, एका शब्दानं काय होतंय."

 आक्का चालायला लागली. शेवंताबाईंना वाटलं, आता ही शिव्या देईल तर बरं होईल. एखादी ठेवून दिली असती तरी चाललं असतं. 

पूल उतरल्यावर आक्का थांबली. "मला तुमच्या आवाजातच ऐकल्यावानी वाटतंय वं," ती म्हणाली. "लंगडा. तुम्हीच वाचल्यालं."

"मी गप्प बसले म्हणून तसं वाटतंय."

"आसंल." आक्कानं नाक शिंकरलं, पदराला पुसलं. "पर तुमच्यावर कसं ढकलू? मेंढरू लंगडलं की मी आधी खूर उचलती. काटा हाय का, फाटलाय का, बगती. लंगडतंय म्हून कुणी मेंढराला वाईट म्हणतंय का? जलमात मी म्हणलं न्हाई. आन् माणसाचं पोरगं लंगडलं तर मी खूर न्हाई बगितला. बोंबलत डेअरीवर गेले."

"आक्का..."

"डोळ्यांनी बगितलं ते बगितलंच न्हाई मी. कानांनी बगितलं."

पलीकडून वरवंडला जाणारी जीप मिळाली; नदीच्या ह्या बाजूला आक्काला ओळखणारं कुणी नव्हतं. जीपवाल्यानं पुढच्या काचेला मेलेल्या सोबत्याचा फोटो लावला होता, त्याला ताजा हार होता. आक्कानं बसायच्या आधी फोटोला हात जोडले.

वरवंडच्या दवाखान्यात पाच-सहा खाटांची खोली होती. कडेच्या खाटेवर पोरगं बसलं होतं. उजवा हात बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये, डाव्या भुवईवर टाके, ओठ अजून सुजलेला. मिशी नुकती फुटत होती. नाव माऊली, परभणीकडचा. दाजी डबा आणायला गेला होता. शेवंताबाईंनी नावं सांगितली, गाव मात्र सांगायला जीभ वळेना. पोराला वाटलं, दाजीच्या ओळखीच्या असतील. तो म्हणाला, "बसा की मावशी."

आक्का खाटेवर बसली नाही, खाली फरशीवर बसली. "पाय दाव," ती म्हणाली.

"अं?"

"डावा पाय दाव, बाळा."

तो बिचकला, तरी त्यानं चादर सारली. टाचेच्या वर रुपयाएवढी जखम होती, खपली धरलेली. आक्कानं पाय मांडीवर घेतला.

"हे त्यांनी केलं का?"

"न्हाई वो, हे बुटानं. कंपनीचे बूट, पुढं लोखंड असतंय. नवेच दिलते. लई चावले." तो थोडा हसला, ओठ दुखला म्हणून थांबला. "काढून हातात घ्यावं म्हणलं, तर रानात काटे."

आक्का त्या जखमेकडं बघत राहिली. मग मान वर करून सरळ म्हणाली, "मेंढरं घिऊन बांधावर बाई हुती, ती मी. मीच सांगितलं गावाला."

माऊलीनं पाय ओढून घेतला नाही.  शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकायचा थांबला होता.

"बघितलतं मी तुम्हाला," माऊली म्हणाला. "तुमच्यापाशी कळशी होती. पाणी मागावं वाटलं. मग म्हणलं, उशीर व्हायलाय, दाजी वाट बघत असतील. मागितलं असतं तर बरं झालं असतं, न्हाई?"

 आक्कानं दोन्ही हातांनी त्याचा पाय धरला आणि कपाळ टेकवायला खाली वाकली. "मावशी, काय करायलात तुम्ही!" म्हणून पोरगं मागं सरकलं. प्लास्टरचा हात खाटेच्या दांड्याला लागला आणि तो कळवळला. शेवंताबाईंनी घाईघाईनं उशी सारखी केली. त्या अवघडलेल्या गडबडीतच शेवंताबाईंना बोलायचं बळ आलं. पेपराचं सगळं त्यांनी सांगितलं. काय छापलं होतं, कोण काय म्हणालं, आपण कशा गप्प बसलो.  माऊलीनं ऐकून घेतलं. "बरं" एवढंच म्हणाला. माफ केलं म्हणाला नाही, आणि त्यांनीही तसं मागितलं नाही.

"हाताचं काय म्हणतात डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"मूठ वळती का बघू म्हणतेत. पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो मी. मूठ न्हाई वळली तर तिथं घेत न्हाईत."

"घरी कळवलंस?"

त्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं. "मशिनीवरून पडलो म्हणून सांगितलं. ते तुमचे चेअरमन आलते, पडलो म्हण म्हणले, गावाचं नाव कशाला. मलाबी वाटलं, आईला कशाला घोर. चोर समजून मारलं म्हणल्यावर आमच्या गावात लोक काय म्हणतील? काहीतरी केलं असंल म्हणूनच मारलं, असंच म्हणणार."

"मग आई काय म्हणली?" आक्कानं विचारलं.

"चिडली. शेजाऱ्याच्या फोनवरच बोलली. म्हणली, ध्यान कुठं असतंय तुझं? लहानपणापासून असाच येंधळा हायेस."  हाताचं सांगताना त्याचा आवाज हलला नव्हता, तो आता हलला. "मी येंधळा न्हाई, मावशी. दीड वर्षात माझ्या हातून एक पीस खराब न्हाई गेला. सुपरवायझरला इचारा."

आक्का उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. वाटभर न थकलेली बाई आता थकलेली दिसत होती. ती शेवंताबाईंपाशी आली.

"ह्याच्या आईचा पत्ता घ्या ह्याच्याकडनं."

"घेते. पण माऊली, चालेल ना रे तुला?"

त्यानं नाही म्हटलं नाही. गावाचं नाव, तालुका, जिल्हा, सगळं हळूहळू सांगितलं. आईला वाचता येत नाही, धाकटी बहीण सातवीला आहे, ती वाचून दाखवेल, म्हणाला. शेवंताबाईंनी पिशवीतून अंगणवाडीची वही काढली, मागचं कोरं पान उघडलं. पेन चालेना, तळहातावर घासून चालतं केलं. आक्का उभ्यानंच त्या कोऱ्या पानाकडं बघत होती, जणू तिला वाचता येत होतं.

"बाई, लिवा," ती म्हणाली. "आधी माझं नाव लिवा, अनसाबाई मल्हारी कोळपे. मी दावलं म्हून लिवा. मग पेपरात काय न्हवतं ते तुमच्या हातानं, तुमचं नाव घालून लिवा. पोपटरावाचं घालायचं का न्हाई ते तुमच्या मनाला इचारा, मी काय म्हणत न्हाई. पर पोरगं पडलं न्हाई, त्याला आम्ही पाडलं, आन् ते येंधळं न्हाई, एवढं पैल्या वळीत घ्या. त्याच्या आईला पुढचं ऐकू आलं न्हाई तरी चालंल, पर तेवढं ऐकू येऊ द्या."