सारूनकाकांच्या ट्रकमधली झुआली

उंच खांबांवर उभ्या असलेल्या माझ्या घराखाली, मधल्या मोकळ्या जागेत, विटा रचून मी एक खोली काढली होती. त्या खोलीत झुआली भाड्यानं राहायला आली. तिचं खरं नाव न्गुरथनझुआली. ते आमच्यातल्या एकालाही धड घेता आलं नाही. ती भारतातल्या मिझोरामची, ऐझॉल नावाच्या डोंगरावरच्या शहरातली. आमच्या कंपोंग स्पू प्रांतात डोंगर लांबच दिसतात, जवळ आहेत ती ताडाची झाडं आणि कपड्यांचे कारखाने. पहिल्या दिवशी तिनं चहूकडे बघितलं आणि मला विचारलं, "मावशी, इथं चढ कुठंय?"

"चढ नाही गं पोरी, खड्डे आहेत. किती हवेत?"

तिच्या चर्चनं तिला धाडलं होतं. तिकडच्या बायका रोज भात टाकताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात, ते विकून आलेल्या पैशांतून तिच्यासारखी माणसं देशोदेशी जातात, असं तिनं सांगितलं. मला ते भारीच वाटलं. माझ्या घराखाली राहणारी ही मुलगी कुण्या परक्या बायकांच्या मुठीतून आली होती!

काम ठरलेलं होतं: कारखान्यातल्या मुलींसाठी रविवारी दुपारी बायबलचा वर्ग घ्यायचा. तिनं प्लास्टिकच्या लाल खुर्च्या आणल्या, भिंतीला चित्रं लावली, सरबत केलं. पहिल्या रविवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या रविवारी शेजारची कोंबडी आली. मुली आठवडाभर शिलाई मशिनवर वाकलेल्या असतात. रविवारी त्या कपडे धुतात, लेकरांना बघतात आणि झोपतात. मी तिला म्हटलंही, "अगं, ज्यांची पाठ मोडलीय त्यांना तू खुर्चीवर बसायला बोलावतेस. त्यांना झोळी बांधून दे, बघ कशा येतात!"

ती हसली, पण खरचटल्यासारखी. पावसाळा संपत आला तरी वर्ग काही भरला नाही. मग एका सोमवारी पहाटे ती म्हणाली, "मावशी, मी शहरातल्या चर्चच्या पाळकांना भेटायला चाललेय. मला दुसरीकडे पाठवा म्हणणार आहे. माझ्यानं इथं काही होत नाही."

नेमकी तिची मोटरसायकल सुरू होईना. लाथा मारून दमली बिचारी. मी रोज शेवया विकायला, मुलींना कामावर नेणाऱ्या सारूनच्या ट्रकमधून, कारखान्याच्या फाटकाशी जाते. कावडीच्या एका टोकाला शेवया, दुसऱ्या टोकाला माशाचा हिरवा रस्सा. मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर. फाटकावरून पुढं रिक्षा मिळेल."

आमचा ट्रक म्हणजे उघडा हौदा. बसायला जागा नाही, आडवे दोर बांधलेले, त्यांना धरून पन्नासेक मुली उभ्या. तोंडाला चौकड्यांचे पंचे गुंडाळलेले, हातात डबे. सारून ट्रकवाला म्हणजे तोंडानं फटकळ. झुआलीला बघून ओरडला, "ए परदेशी बाई, दोर घट्ट धर! पडलीस तर तुझ्या देशाला काय तोंड दाखवू मी?"

कालव्याजवळ रस्त्यावर पाणी आलं होतं. सारूननं ट्रक जोरात घातला आणि मागची चाकं चिखलात रुतली, ती रुतलीच. इंजिन बोंबललं, चिखल उडाला, माझा रस्सा दोन मुलींच्या पाठीवर सांडला. एकच गलका झाला. हजेरी बुडणार म्हणून कुणी रडकुंडीला आली, तर कुणी सारूनचा उद्धार करत होती.

आणि कोपऱ्यात चन्थू उभी होती. बाह्या शिवणाऱ्या ओळीतली, कधी मोठ्यानं न बोलणारी पोरगी. ती ढसाढसा रडायला लागली. मी विचारलं तेव्हा कळलं. तिच्या आईचं त्याच सकाळी राजधानीत ऑपरेशन होतं. हिला सुट्टी मिळाली नव्हती, आणि मधे ट्रक अडकल्यावर जणू सगळंच तिच्यावर एकदम कोसळलं.

झुआली गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ गेली. तिचा हात घट्ट धरला. चन्थूनं वर पाहिलं. "तू ती चर्चवाली ना? तू देवाशी बोलतेस म्हणे. मग आत्ता बोल की!"

"इथं?"

"आई आत्ता तिथं टेबलावर आहे, मग काय रविवारी बोलणार?"

झुआली एकदम लाल झाली. तिची चित्रं, तिची तयारी, सगळं घरी. डोळे मिटून तिनं आमच्या भाषेत सुरुवात केली. आता आमच्या भाषेत 'आजारी' आणि 'लाकूड' या दोन शब्दांत एका स्वराचा काय तो फरक. झुआलीनं खणखणीत आवाजात देवाला सांगितलं, "देवा, हिची आई लाकूड आहे. खूप दिवसांची लाकूड आहे. तिला बरं कर."

आधी शेजारी उभी असलेली स्रेमाव फिसकन हसली. मग दुसरी. मग अख्खा ट्रक. चन्थूसुद्धा, गालावरून पाणी वाहतंय आणि हसतेय! झुआलीला चूक कळली, तीही हसली. पण थांबली नाही. हसू ओसरल्यावर तिनं तेच पुन्हा म्हटलं, या वेळी शब्द नीट धरून. चन्थूच्या आईचं नाव घेतलं, डॉक्टरांच्या हातांसाठी मागितलं, चन्थूच्या धडधडत्या छातीसाठी मागितलं. एकेकीनं हात जोडले. मी बौद्ध विहारात जाणारी बाई, पण माझेही हात कधी जुळले मला कळलं नाही.

ट्रॅक्टर आणून ट्रक काढेपर्यंत मुलींनी झुआलीला सोडलं नाही. एकीचा नवरा थायलंडला गेलेला, फोन नाही. एकीला दिवस गेलेले, ते सांगायची भीती. स्रेमाव म्हणाली, "आमच्या सुपरवायझरचा घसा बसू दे अशी प्रार्थना कर. दिवसभर ओरडतो मेला."

"त्याच्या घशासाठी नाही करत," झुआली म्हणाली, "तुझ्या कानांसाठी करते."

दुपारच्या सुट्टीत मी फाटकाशी शेवया वाढत होते. झुआली शहरात गेलीच नव्हती, माझ्या शेजारी वाट्या धूत बसली होती. तेवढ्यात चन्थू धावत आली, फोन हातात उंच धरलेला. "जागी झाली! आई जागी झाली! पेज मागतेय!" मुलींनी अशी किंकाळी फोडली की पहारेकरी काठी घेऊन धावला. सारून ट्रकखाली झोपला होता, तो उठून म्हणतो, "म्हणजे लाकडाला पालवी फुटली की!"

घरी येताना झुआलीचा चेहरा असा उजळलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. "मावशी, मी खुर्च्या मांडून त्यांची वाट बघत होते. आणि त्या रोज पहाटे एका जागी उभ्या असतात, तासभर! मीच तिथं नव्हते."

दुसऱ्या दिवशी ती ट्रकपाशी हजर. सारूननं कमरेवर हात ठेवले. "तुझी मोटरसायकल दुरुस्त झाली ना?"

"झाली काका. पण तिच्यावर एकटीच मावते मी."

"हा ट्रक आहे, देऊळ नाही."

"म्हणून तर आले."

सारून बडबडत राहिला, पण हौद्याचा फाळका त्यानंच खाली केला. त्या दिवसापासून झुआली रोज यायची. भाषण कधीच नाही. नुसतं विचारायची, "आज कुणाला काय जड आहे?" कुणी सांगायचं, कुणी नाही. ज्यांना प्रार्थना नको त्यांच्याशी ती भाजीच्या भावावर बोलायची, त्यांची लेकरं कशी आहेत विचारायची आणि उतरताना पाठ थोपटायची. ट्रकच्या आवाजात तिला ओरडून प्रार्थना करावी लागे, त्यामुळे सगळ्यांना सगळ्यांचं कळायचं. मग एखादीसाठी तिची शेजारीणच हाक मारायची: "बाई, हिचं विचारा, ही स्वतः सांगणार नाही!" मधूनमधून ती तिच्या भाषेतलं एक गाणं गुणगुणायची. अर्थ न कळता मुलींनी ते उचललं. कालव्याच्या काठानं आमचा ट्रक मिझो गाणं गात जायचा आणि म्हशी माना वर करून बघायच्या.

पुढच्या वर्षी कापणीच्या दिवसांत, एका शनिवारी संध्याकाळी, तिला घरून फोन आला. तिचे वडील गेले होते. दुसऱ्याच दिवशी माती द्यायची होती. इथून निघून डोंगरावर वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. ती खोलीच्या दाराशी बसून राहिली. मी पेज आणली, तिनं घेतली नाही. एवढंच म्हणाली, "मावशी, आमच्याकडे माणूस गेलं की घर माणसांनी भरतं. ढोलावर गाणी म्हणतात. दुःखाच्या घराला कुणी गप्प बसू देत नाहीत. आणि मी इथं..."

मला वाक्य पुरं ऐकायची गरज नव्हती. मी तशीच सारूनकडे गेले. तो जेवत होता. माझं ऐकून हात धुवायला उठला. "सुट्टीचा ट्रक काढायला मला वेड लागलंय का?" असं म्हणाला, आणि भिंतीवरची किल्ली घेतली.

रविवारी सकाळी ऊन वर आलं तेव्हा आमच्या गल्लीत हॉर्न वाजला. झुआलीनं मान वर केली. सारूनचा ट्रक, आणि हौद्यात सगळ्या मुली! कामाचे कपडे नाहीत, तोंडाला पंचे नाहीत, पांढरे सदरे घातलेल्या. गावोगाव फिरून सारूननं त्यांना गोळा केलं होतं. कुणी केळीचा घड आणला, कुणी तांदूळ, कुणी ताडगूळ. स्रेमावच्या हातात अगरबत्त्या होत्या. ती बिचकत म्हणाली, "बाई, हे तुमच्यात चालतं की नाही माहीत नाही." झुआलीनं दोन्ही हातांनी त्या घेतल्या आणि छातीशी धरल्या.

सगळ्यात शेवटी सारून उतरला, खांद्याला मिरवणुकीचा लांब ढोल अडकवून. अवघडून म्हणाला, "मला लग्नाचा आणि वरातीचाच ठेका येतो. दुसरा नाही येत."

झुआली रडत होती, त्यातच तिला हसू फुटलं. "तोच वाजवा काका. जरा हळू वाजवा."

आणि माझ्या घराखाली गाणं सुरू झालं! तेच ट्रकमधलं. शब्द निम्मे चुकीचे, ढोल वरातीचा, सूर ज्याचा त्याचा. शेजारपाजारचे लोक धावत आले. जागा पुरेना, तेव्हा अंगणात दाटीवाटीनं उभे राहिले. झुआलीनं फोनवरून भावाला तो आवाज ऐकवला. तिकडेही गाणं चालू होतं. दोन्हीकडची माणसं एकमेकांना ऐकत गात राहिली.

गाणं थांबलं तेव्हा चन्थू पुढं आली. झुआलीच्या डोक्यावर तिनं हात ठेवले आणि जन्मात पहिल्यांदा चारचौघांत मोठ्यानं देवाशी बोलली. "देवा, मला हे येत नाही. हिनं माझ्या आईसाठी तुला सांगितलं होतं. आज मी हिच्यासाठी सांगते. हिचं मन आजारी आहे." मग तिनं मुद्दाम स्वर नीट केला. "आजारी. लाकूड नव्हे."

हसू आणि हुंदके एकदमच फुटले. त्या दुपारी झुआली आमच्या सगळ्यांबरोबर बसून पोटभर जेवली. वडिलांच्या गोष्टी सांगत राहिली, ते डुकराच्या मटणाचं कसं कालवण करायचे, चर्चमध्ये कसे घोरायचे.

त्यानंतर काय झालं सांगू? ही गोष्ट साऱ्या कारखान्यात पसरली. आठवड्याभरात दुसऱ्या ट्रकचा चालक, पलीकडच्या गावचा थोल, माझ्या शेवयांच्या पाटीपाशी येऊन तक्रार करायला लागला. "सारूनच्याच ट्रकमध्ये का? माझ्या गाडीतल्या बायकांना काय दुःखं नाहीत? रोज भांडतात, रोज रडतात, मला गाडी चालवू देत नाहीत. ती बाई मला पाठवा."

झुआलीनं वाटी खाली ठेवली. डोळे लकाकत होते. ती चन्थूकडे वळली. "थोलदादाच्या ट्रकमध्ये तू जा."

"मी? मला काय येतं?"

"विचारता येतं ना तुला?"

मंगळवारी पहाटे मी आणि झुआली लांबून बघत उभ्या होतो. चन्थू थोलच्या हौद्यात चढली. दोर धरला, दोनदा घसा खाकरला. अनोळखी बायका तिच्याकडे बघत होत्या. शेवटी तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं, "आज कुणाला काय जड आहे?"

मग मागच्या कोपऱ्यातून एक हात वर आला, मग दुसरा, आणि ट्रक सुटेपर्यंत तर इतके हात वर झाले की थोल खिडकीतून डोकं काढून ओरडला, "अगं बायांनो, एक तरी हात दोराला राहू द्या!"