शाबूत पातं

आमच्या कारखान्यात सुतारपक्ष्याला बोलावणं गेलं की समजायचं, आता कुणाची तरी नोकरी जाणार. सुतारपक्षी म्हणजे टाकीत उतरून छिन्नी-हातोड्यानं गोठलेलं रेझिन फोडणारे काका. रेझिन शिजत असताना ढवळणी एकसारखी फिरावी लागते. ती थांबली की रस आतल्या आत तापतो, तापला की दाट होतो, आणि दाट झाला की उष्णतेला बाहेर पडायला वाटच उरत नाही. मग बघता बघता टाकीभर दगड. लोखंडाच्या पोटात बसून हे दगड फोडता फोडता काकांचे कान गेले होते. त्यांच्याशी साधं बोलायचं तरी भांडल्यासारखं ओरडावं लागे.

एकदा असंच टाकीत रेझिन गोठलं. त्या खेपेला टाकीवर कामाला त्यांचाच जावई होता. त्यानं साहेबांना सांगितलं, "ढवळणीचं पातं तुटलं, माझा काय दोष?" ते पातं मी बसवलेलं. मी तिथला फिटर. तुटलेलं निघालं तर मी घरी, शाबूत निघालं तर जावई घरी. साहेब म्हणाले, "काकांना तळ गाठू दे, मग बघू."

काका उतरण्याआधी जावई त्यांना शेडमागे घेऊन गेला. मी तिथंच कपाटाआड दिवा शोधत होतो. बिचाऱ्याला गुपितसुद्धा ओरडून सांगावं लागलं. "मामा, तुमचाच फोन आला होता! ढवळणीच्या मोटरच्या आवाजात तुम्हाला माझं ऐकू येईना, म्हणून मी ती बंद केली! पुन्हा चालू केली तर फिरेचना!"

रविवारी जेवायला येताय ना, एवढंच विचारायला काकांनी तो फोन केला होता. त्यांनी छिन्नी-हातोडा उचलला आणि ते टाकीत उतरले.

मग दिवसभर ते फोडत राहिले. मी वर टाकीच्या तोंडाशी दिवा धरून उभा. अखेर पातं उघडं पडलं. शाबूत, एकूण एक नट घट्ट. काकांनी त्यावरून हात फिरवला आणि हातोडा उचलला. मुळाशी दोन घाव घातले असते तरी काम झालं असतं. मी ओरडलो असतो तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. हातोडा तसाच वर राहिला, मग हळूच खाली आला, आणि ते पात्याला धक्का न लावता कडेचं रेझिन फोडू लागले.

वर आल्यावर ते साहेबांना म्हणाले, "पातं शाबूत आहे. फोन माझा होता, त्यापायी मोटर बंद झाली."

साहेब त्यांच्या कानाशी ओरडले, "फोन कुणाचा का असेना! मोटर कुणी बंद केली?"

जावयाची नोकरी गेली. पुढं काकांनीच एकदा मला सांगितलं, "पोरगी बोलत नाही माझ्याशी. म्हणते, तुमच्या हातात होतं. मी म्हटलं, अगं, फिटरलाही बायकापोरं आहेत." त्यांच्यापुढं मान वर करायची माझी हिंमत झाली नाही. मी वाचलो याचा आनंद झाला होता, आणि त्याची लाजही वाटत होती.

जावयाला पुन्हा कुणी टाकीवर उभं केलं नाही. आता तो सासऱ्याबरोबर रोजंदारीवर टाकीत उतरतो. परवा फाटकाबाहेर तो पाठमोरा दिसला. मी हाक मारली, "काय जावईबापू, बरं आहे ना?" त्यानं वळून पाहिलं नाही. रागावला असेल असं वाटून मी जवळ गेलो आणि जरा मोठ्यानं हाक मारली. तो चालतच राहिला. तिसऱ्यांदा मी भांडल्यासारखा ओरडलो, तेव्हा तो वळला आणि हसून म्हणाला, "अरे, कधी आलास?"